तीन फोटो, एक सूत: ट्रिप्टिक करणाऱ्यांसाठी धागा

लालमाती

नमस्कार मंडळी. मी बेळगावची, राहायला अनगोळात. नोकरी सांभाळून गेली तीन वर्षं एकाच छंदामागे लागलेय. तीन फोटो शेजारी ठेवायचे आणि तिघांचं मिळून एक चित्र करायचं. याला ट्रिप्टिक म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ तीन घड्यांचं. युरोपातल्या चर्चमध्ये वेदीवर बिजागऱ्या लावलेली तीन फळ्यांची चित्रं असत. बाजूच्या फळ्या मधल्या फळीच्या निम्म्या रुंदीच्या, म्हणजे कपाटाच्या दारासारख्या मिटायच्या. हिरोनिमस बॉशचं असं एक चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. मिटलं की बाहेरून करड्या रंगातली पृथ्वी, उघडलं की आत रंगच रंग. फोटो काढणाऱ्यांनी फळ्या आणि बिजागऱ्या सोडल्या, तीन चौकटी तेवढ्या घेतल्या.

आपल्या पट्ट्यात, बेळगाव-खानापूर-हुक्केरी-निपाणीकडे, कॅमेरे पुष्कळ झालेत. पण असली तीन फोटोंची कामं करणारं कुणी भेटत नाही. म्हणून इथे लिहितेय. आधी माझं सांगते, मग तुमचं ऐकायचंय.

सुरुवातीला मी एक चूक वर्षभर करत होते. एका ठिकाणी गेले की दीडशे फोटो काढायचे आणि घरी येऊन त्यातले तीन सर्वांत चांगले शेजारी लावायचे. तिन्ही फोटो सुंदर, पण एकत्र आले की एकमेकांशी बोलायचेच नाहीत. का ते मला वडगावात कळलं.

वडगाव आणि खासबागेत यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर चालतो, हातमाग मात्र थोडेच राहिलेत. आईच्या ओळखीच्या एका मावशींच्या घरी एक आहे. मी पहिल्यांदा जे तीन फोटो करून नेले त्यात डावीकडे मावशींचा चेहरा, मध्ये साडीचा काठ आणि उजवीकडे धोटा, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा, होता. मावशींनी लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "सगळं हाय गं, पण सूत कुठनं कुठं गेलं?"

तो प्रश्न घेऊन मी पुन्हा गेले. त्यांच्या खोलीत एकाच बाजूला खिडकी. त्या खिडकीच्या उजेडात चरख्यावर मावशींच्या सासूबाई कांड्या भरतात, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळतात, मध्ये माग, आणि पलीकडे मावशींचा हात फणीवर, म्हणजे विणलेलं सूत ठोकून घट्ट बसवणाऱ्या चौकटीवर. मी दाराच्या चौकटीला खडूनं खूण केली, ट्रायपॉडची उंची त्या खुणेला बांधली आणि ठरवलं की तिन्ही फोटोंत सूत एकाच उंचीवरनं जाईल. डाव्या फोटोत सासूबाईंची बोटं, कांडी आणि उजव्या कडेपर्यंत गेलेला एक धागा. मधल्या फोटोत माणूसच नाही, नुसता ताणा, म्हणजे मागावर ताणलेले शेकडो उभे धागे आणि त्यांच्यावर खिडकीचा पट्टा. उजवीकडे फणी ओढणारा हात आणि विणून झालेली वीतभर साडी. डावीकडचा धागा जिथं चौकटीबाहेर जातो, बरोबर त्याच उंचीवर मधल्यात धागे सुरू होतात.

हे करताना जे शिकले ते असं. मधला फोटो शांत ठेवायचा. दोन्ही बाजूंना काहीतरी घडत असेल तर मध्ये डोळ्याला टेकायला जागा लागते. आणि तीनपैकी एकावर पंजा ठेवून बघायचं. उरलेले दोन तेवढंच सांगत असतील तर झाकलेला फोटो काढून टाकायचा, कितीही आवडता असला तरी. मावशींचा चेहरा मला फार आवडायचा. तो गेला.

तांत्रिक बाजूही सांगते, कारण त्यावर माझे बरेच दिवस गेले. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा. ऑटोवर ठेवलात तर खिडकीजवळचा फोटो काळोखा आणि आतला उजळ येतो, आणि नंतर कितीही ओढाताण केली तरी तिघं एका खोलीतले वाटत नाहीत. व्हाइट बॅलन्सही, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवायची सेटिंग, एकच, पक्का करून ठेवलेला. ट्यूबलाइट असेल तर शक्यतो बंद करायला सांगा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि शटर फार वेगाचं असेल तर फोटोत आडवे पट्टे उमटतात. बंद करणं शक्य नसेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा. मोबाइलवाल्यांनी पडद्यावर बोट दाबून धरावं, फोकस आणि उजेड दोन्ही तिथंच पक्के होतात, मग तिन्ही फोटो काढावेत.

तुमचे प्रयोग, फसलेलेसुद्धा, इथे टाका. आणि प्रिंट-फ्रेमचा अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा. त्यात मी अजून कच्ची आहे.

मलप्रभाकाठ

ताई, फार दिवसांनी इतकं मनापासून लिहिलेलं वाचलं. मी खानापूर तालुक्यातला. तुम्ही चर्चच्या फळ्यांपासून सुरुवात केलीत, पण आपल्याकडे गावोगावी देवळाच्या आवारात तीन चौकटी उभ्या आहेत, त्यांना विसरू नका. वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचे दगड. सर्वांत खालच्या पट्टीत लढाई, बऱ्याचदा गुरं पळवून नेणाऱ्यांशी. त्याच्या वर अप्सरा त्या वीराला उचलून नेतायत. त्याच्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. माथ्यावर सूर्य-चंद्र. तीन चित्रांत एका माणसाचा मृत्यू आणि त्यानंतरचं सगळं. आणि वाचायचं खालून वर.

मी मागच्या वर्षी यावरून एक उभं ट्रिप्टिक केलं. आमच्या शेजारच्या घरातले आजोबा गेले त्यानंतरचं. खालच्या फोटोत त्यांची कुदळ बांधावर टेकलेली, मधल्यात ओसरीवरची रिकामी खाट, वरच्यात भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो. घरच्यांना विचारूनच काढलं. तिन्ही आडवे, ३:२ चे, एकावर एक. असे तीन रचले की पूर्ण चित्र १:२ होतं, उभ्या दगडासारखं. मोबाइलवर तर हे आडव्यापेक्षा कितीतरी बरं दिसतं.

दुसरी जागा हलशीची. कदंबांच्या राजधानीचं गाव, तिथलं भूवराह नरसिंहाचं देऊळ. त्यात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकीकडून वराह बघतोय आणि समोरच्या गाभाऱ्यातून दुसरा देव. मध्ये मंडप. तुमचा "मधला शांत ठेवा" हा नियम तिथं बांधणाऱ्यांनी आधीच पाळलाय असं मला वाटतं. पुजाऱ्यांची परवानगी घेऊन काढा, गाभाऱ्यात फ्लॅश मारू नका.

लालमाती

काका, वीरगळ वाचून अंगावर काटा आला. लहानपणापासून ते दगड बघतेय, पण त्यांची मांडणी कधी लक्षात घेतली नव्हती. खाटेच्या फोटोबद्दल एक विचारू का? खाटेवर उजेड सकाळचा होता की संध्याकाळचा?

मलप्रभाकाठ

सकाळचा. तिन्ही फोटो सकाळी सात ते आठमध्येच काढलेत, तीन वेगवेगळ्या दिवशी. सावल्या एकाच बाजूला पडल्या पाहिजेत म्हणून. चौथ्या दिवशी धुकं आलं म्हणून ते फोटो घेतले नाहीत.

हिडकलकाठ

माझं ट्रिप्टिक अजून पुरं झालेलं नाही, तरी लिहितो. हिडकल धरणाच्या जलाशयात हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ आहे. घटप्रभेचं पाणी चढलं की ते बुडतं आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पुन्हा बाहेर येतं. मी एकाच जागेवरून तीन वेळा फोटो घ्यायचं ठरवलंय. एप्रिलमध्ये अख्खं देऊळ आणि भेगाळलेला गाळ, जुलैमध्ये अर्धं पाण्यात, आणि पाऊस झाल्यावर नुसतं पाणी.

पहिले दोन झाले. अडचण अशी की पाणी चढल्यावर मी उभा होतो ती जागाच पाण्याखाली गेली. जुलैचा फोटो वीसेक पावलं मागून घेतला आणि देऊळ लहान दिसतंय. झूम करून जुळवलं तरी मागच्या डोंगराची उंची जुळत नाही. काय करावं?

लालमाती

झूमनं जुळणार नाही, कारण पुढच्या-मागच्या वस्तूंचं आपसातलं मोजमाप आपण कुठं उभे आहोत त्यावर ठरतं, लेन्सवर नाही. मी तुमच्या जागी असते तर सर्वांत जास्त पाणी असताना जिथं उभं राहता येईल ती जागा आधी शोधली असती आणि तिन्ही फोटो तिथूनच काढले असते. म्हणजे पाण्याचा फोटो पहिला आणि उन्हाळ्याचा शेवटी. एक वर्ष जास्त जाईल. पण हे काम एक वर्ष थांबण्याच्या लायकीचं आहे, खरंच सांगते.

जागेची खूण म्हणून एखादा मोठा धोंडा किंवा झाड धरा, आणि आधीच्या फोटोची प्रिंट खिशात ठेवा. पुढच्या वेळी ती डोळ्यांसमोर धरून देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराची कड कुठं एकमेकांना छेदतात तेवढं बघायचं. ते जुळलं की तुम्ही त्याच जागी उभे.

गडवाट

धागा आवडला, पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. एकच मोठा फोटो तीन तुकड्यांत कापून लावला तर त्यात वाईट काय? राजहंसगडावरून पावसाळ्यात येळ्ळूरची भातशेती दिसते, तो रुंद फोटो मी तीन भागांत कापून दिवाणखान्यात लावलाय. येणारा प्रत्येक जण थांबून बघतो.

लालमाती

दादा, वाईट काही नाही, आणि तो हिरवा रंग भिंतीवर असेल तर मीही थांबून बघेन. माझी अडचण एवढीच की तिथं तीन चौकटी नसत्या तरी फोटो तोच राहिला असता. तिथं कापणं ही सजावट आहे. हेच गोकाकला केलंत तर? घटप्रभा तिथं ५२ मीटर खाली कोसळते. डाव्या चौकटीत कड्यावर येणारं शांत पाणी, मधल्यात पांढरा पडदा, उजवीकडे झुलता पूल आणि त्यावरची माणसं, असं ठरवून एकाच जागेवरून तीन वेगळे फोटो काढलेत तर प्रत्येक चौकट स्वतःचं काही घेऊन येते.

कापायचंच असेल तर एक गोष्ट पाळा. दोन चौकटींमध्ये भिंतीवर जितकी फट ठेवणार, तितकी पट्टी फोटोतूनही काढून टाकायची. खिडकीच्या गजांमागचं दृश्य जसं गजांमागे लपलेलं असतं, तसं. पट्टी न काढता तुकडे लांब केले की बांधाच्या तिरक्या रेषा फटीपाशी पायरी पडल्यासारख्या तुटतात.

गडवाट

अरे, हेच खटकत होतं आणि कळत नव्हतं! माझ्या फोटोत येळ्ळूरचा रस्ता मध्येच तुटल्यासारखा दिसतो. दोन इंचाची फट आहे. पुन्हा प्रिंट काढतो.

निपाणीकर

मी शाळेत शिकवतो. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांवर ट्रिप्टिक करायचं मनात होतं. आमच्या गावात कितीतरी घरं या पिकावर आणि विडीवर उभी राहिली. परवानगी मागितली तेव्हा एका ताईंनी सांगितलं, "तोंड नको सर, पोरीचं लग्न ठरवायचंय." मी कॅमेरा पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली आणि म्हणाल्या, हात काढा की.

तीन बायकांचे तीन हात. एक पंचविशीतला, एक चाळिशीतला, एक साठी ओलांडलेला. तिन्ही एकाच उंचीवर, पान चाळतानाचे. बोटांच्या टोकांना तंबाखूचा तपकिरी रंग आहे, वय वाढेल तसा तो नखांच्या कडांत आत गेलाय. यात मधला फोटो शांत नाही, तिन्ही सारखेच आहेत. तरी मला ते एकच चित्र वाटतं. तुमचं काय मत?

लालमाती

सर, इथं माझा नियम लागूच होत नाही. इथं बघणाऱ्याची नजर तीन हातांत फरक शोधत फिरते, आणि ती फिरते म्हणूनच रंग नखांत आत गेलेला दिसतो. एकच हात असता तर दिसला नसता. चेहरा न काढण्याचा निर्णय फार मोलाचा. त्या तिघींना प्रत्येकी एक प्रिंट द्या, फक्त स्वतःच्या हाताची नाही, तिन्हींची.

निपाणीकर

दिलीय. एकीनं देवघराशेजारी लावलीय.

काचपट्टी

प्रिंट आणि फ्रेमबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. पंधरा वर्षं हेच काम करतोय.

तिन्ही प्रिंट एकाच दिवशी, एकाच कागदावर, एकाच मशीनवर काढून घ्या. आज एक आणि आठवड्यानं दोन असं केलं की रंगात फरक येतोच. त्याहून चांगला उपाय म्हणजे तिन्ही एकाच फाइलमध्ये मांडायचे. १२×१८ इंचाचे तीन उभे फोटो ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) प्रत्येकी ३६००×५४०० पिक्सेल होतात. मध्ये अर्ध्या इंचाच्या दोन पांढऱ्या पट्ट्या सोडल्या की पूर्ण फाइल ११,१००×५४०० ची. लॅबमध्ये मोठ्या रोलवर सलग निघते, नंतर कापायचं.

कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर तिन्ही चौकटींत वेगवेगळी खिडकी चमकते आणि तिघांचं नातं तुटतं. काच आणि फोटो एकमेकांना चिकटू देऊ नका, मध्ये माउंट बोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवीच. बेळगाव-खानापूरच्या पावसात दमट हवा महिनोन्‌महिने राहते. काचेला टेकलेली प्रिंट चिकटते आणि सोडवताना रंग काचेवर राहतो. फ्रेमच्या मागच्या बाजूला खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावा, भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळती राहते. पश्चिमेच्या भिंतीवर, जिथं पावसाचा मारा बसतो, शक्यतो लावूच नका.

उंची चित्राच्या मध्यापासून धरा. जमिनीपासून साधारण १४५ सेंटीमीटर.

लालमाती

दादा, हे आधी कळलं असतं तर! माझ्या पहिल्या संचाचं असंच झालं. शहरातल्या एका लॅबनं दोन प्रिंट एका दिवशी दिल्या, तिसरी मशीन बंद पडलं म्हणून चार दिवसांनी. मधला ताणा निळसर आला आणि बाजूचे दोन पिवळट. शिवाय कडा सरळ करताना प्रत्येकातून थोडी थोडी पट्टी कापली, त्यामुळे सुताची उंची तीन ठिकाणी झाली. सगळं पुन्हा करावं लागलं. आता फाइलच्या कडेला कापायच्या बारीक खुणा मीच घालून देते.

मलप्रभाकाठ

ट्रिप्टिकला मराठी शब्द हवा. 'त्रिपट' म्हटलं की तिप्पट वाटतं, 'त्रिफलक' पाटीसारखं. मी घरी 'त्रिदळ' म्हणतो. बेलाच्या पानासारखं, तीन दळं पण देठ एक.

निपाणीकर

त्रिदळ. छान. यातलं एक पान तुटलं तर ते पिंडीवर वाहत नाहीत, तुमची पंजाची कसोटीही तीच.

हिडकलकाठ

त्रिदळला माझंही अनुमोदन.

गडवाट

दाखवायचं कसं तेही लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की सगळ्याचा चुरा होतो.

लालमाती

तिन्ही जोडून एकच फाइल करा आणि फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, बारकावे टिकतात. पण मोबाइल उभा धरला की पडद्याची रुंदी सातेक सेंटीमीटर, म्हणजे प्रत्येक चौकटीला दोन-सव्वादोन सेंटीमीटर. एवढ्यात सूत दिसणार नाही. म्हणून आडव्या मांडणीचं त्रिदळ मी मोबाइलसाठी केलेलंच नाही असं समजते. ते भिंतीवरच बघायचं. इन्स्टाग्रामवर बोटानं सरकवत एकेक फोटो बघावा लागतो, तिन्ही एकदम दिसत नाहीत, म्हणजे मुख्य गोष्टच जाते. तिथं काकांसारखी उभी मांडणी करा.

मागच्या गणेशोत्सवात आमच्या गल्लीतल्या मंडपात माझी तीन त्रिदळं लावली होती. खाली मराठी ओळ लिहावी की कानडी, यावर मी रात्रभर विचार केला आणि शेवटी काहीच लिहिलं नाही. शेजारच्या कानडी काकू आणि माझी आत्या मागाच्या फोटोसमोर अर्धा तास उभ्या होत्या. दोघींच्याही माहेरी माग होता. कांडीला काय म्हणतात, धोट्याला काय म्हणतात, हे एकमेकींना सांगत होत्या.

आणि एक गोष्ट मला फ्रेम करणाऱ्या चाचांमुळे कळली. ते उर्दू वाचतात. त्यांनी फोटो उजवीकडून बघायला सुरुवात केली. आधी साडी, मग ताणा, शेवटी म्हातारीची बोटं आणि कांडी. म्हणाले, "साडी उसवत उसवत आजीपर्यंत गेलात, अच्छा किया." मी तसं ठरवलं नव्हतं. पण मधला फोटो दोन्हीकडून चालतो म्हणूनच तसं झालं. तेव्हापासून प्रत्येक नवं त्रिदळ उलट्या बाजूनंही वाचून बघते.

काचपट्टी

मावशींना दिलंत का ते?

लालमाती

दिलं. वडगावच्या मंगाईच्या जत्रेच्या आदल्या दिवशी घेऊन गेले. घरात पुरणाचा वास, पाहुण्यांची गर्दी. मावशींच्या मुलानं माझ्याकडून फ्रेमा घेतल्या आणि मागाच्या वरच्या भिंतीवर खिळे ठोकून लावूनही टाकल्या. मधली अंगठाभर खाली आली होती. मी काही बोलले नाही, घाईचा दिवस होता.

मावशी पदराला हात पुसत आल्या, बघत उभ्या राहिल्या. मुलगा म्हणाला, "आई, तीन-तीनदा काय बघुलैस त्यात?" त्यांनी उत्तर दिलं नाही. स्टुलावर चढल्या, डाव्या फोटोतल्या धाग्यावर बोट ठेवलं, बोट तसंच भिंतीवरनं सरळ मधल्या फोटोपर्यंत नेलं आणि म्हणाल्या, "तुटलंय बघ हितं. खिळा वर घे."